हन्नाबाईचा अंगठा

फार फार वर्षांपूर्वी, प्रवरेच्या काठच्या आमच्या चिंचखेड्याला गाडीरस्तासुद्धा नव्हता, तेव्हा इथं हन्नाबाई नावाची सुईण राहायची. उभं गाव तिच्या हातावर जन्मलं, असं म्हणतात. माझा पणजाही. तो आडवा आला होता आणि पुढं जन्मभर आडवाच वागला, पण तो दोष काही हन्नाबाईचा नव्हे.

हन्नाबाईला अक्षर येत नव्हतं. मिशनच्या बायबलबाई बैलगाडीतून यायच्या, त्यांनी तिला देवाच्या दहा आज्ञा दहा बोटांवर शिकवल्या. डाव्या हातावर पाच. मग उजवा अंगठा, ती सहावी: खून करू नकोस. पुढच्या बोटांवर बाकीच्या. रोज पहाटे चूल पेटवायच्या आधी ती बोटं चाचपायची. बाया चेष्टा करायच्या, "हन्नाबाई, एखादं बोट हरवलं का काय?" ती हसून म्हणायची, "हरवू नये म्हनून तर मोजते, बायांनो."

एकदा भर दुपारी तिला थोरल्या मळ्यातून बोलावणं आलं. मळ्याची मालकीण कोंडाई, तिची सून यमुना अडली होती. यमुनेला आधीच्या तीन मुली. चौथी या घरात नको, असं कोंडाई साऱ्यांदेखत बोलून बसलेली. आणि झाली चौथीही मुलगीच. रडेना. निळी पडलेली, श्वास नाही.

हन्नाबाई पुढं सरली, तर कोंडाईनं तिचं मनगट धरलं.

"हन्ने, आता काय करू नगं."

"मावशी, लेकरू जाईल की!"

"जाऊ दे. तुझ्या देवाची आज्ञा मोड म्हनत न्हाई मी. मारू नगं. नुसती हाताची घडी घालून बस."

खोटं कशाला सांगू, हन्नाबाई बसली. कोंडाईचा शब्द गावात कोणी मोडत नसे. आणि मारू नकोस, एवढंच तर आज्ञा सांगत होती. यमुना भिंतीकडं तोंड करून मुकाट रडत होती.

तेवढ्यात हन्नाबाईची नजर लेकराच्या उजव्या मुठीवर गेली. बोराएवढी मूठ आणि अंगठा आत कोंडलेला. सगळीच लेकरं तशी येतात, तिनं शेकडो पाहिली होती. पण त्या दिवशी तिला वाटलं, सहावी आज्ञा हिनं मुठीत धरून आणलीय, आणि मी हात बांधून बघत बसलेय.

"मावशी," ती म्हणाली, "नुसती बसले, तरी मारलंच की गं मी."

तिनं मूठ उघडली, अंगठा मोकळा केला, लेकराचं तोंड पुसून काढलं आणि आपला श्वास त्याला द्यायला लागली. किती वेळ? अंगणातली सावली हलेना. तिचा श्वास पुरा पडावा म्हणून सूर्य डोक्यावर थांबला, असं म्हणतात. मी काही तिथं नव्हतो. पण पोर रडली, ते नदीपल्याडच्या गावानं ऐकलं. हे पल्याडचेही कबूल करतात, आणि ते आमचं एरवी काहीच कबूल करत नाहीत.

कोंडाईनं हन्नाबाईला उंबरा बंद केला. तिच्या धाकानं अर्ध्या गावानं केला. हन्नाबाई कोरडी भाकरी खाऊन पहाटे बोटं मोजत राहिली.

पोरीचं नाव पडलं जिऊ. पुढं कोंडाईचे डोळे गेले. नातवंडं पुष्कळ होती, पण म्हातारीला नदीवर नेणारी एकटी जिऊच. तिचा उजवा अंगठा धरून कोंडाई चालायची. हन्नाबाई वारली, तेव्हा कोंडाई तशीच जिऊचा अंगठा धरून ख्रिस्ती लोकांच्या कबरस्तानात आली. हन्नाबाईचा हात तिनं चाचपला आणि म्हणाली, "हन्ने, चुकले गं." मेलेल्या हाताचा तो एक अंगठा अजून ऊबदार होता, असं म्हणतात.

मग जिऊ बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. नव्वदीची कोंडाई म्हणाली, "द्या हिकडं." तिनं चाचपत चाचपत इवली मूठ शोधली, अंगठा मोकळा केला आणि काही बोलली.

तेव्हापासून चिंचखेड्यात लेकरू जन्मलं, की घर देवळात जाणारं असो की चर्चमध्ये, घरातली सगळ्यांत म्हातारी बाई पुढं होते. दवाखान्यात झालं तरी तिला तिथं नेतात. ती लेकराची उजवी मूठ उघडते, अंगठा मोकळा करते आणि कोंडाई बोलली तेच बोलते:

"हन्ने, मी बसले न्हाई गं."