वरचं कोठार

फार मागची गोष्ट. पाटाच्या बांधावर मुंग्यांचं एक भलंमोठं वारूळ होतं. पाट कधी फुटेल, या धास्तीने तिथे कुणाला धड झोप लागत नसे.

टेकाडावरचा उंदीर एकदा म्हणाला, "दर सुगीला थोडी ज्वारी मला देत जा. पाट फुटला, तर तुमची कोठारं मी भरून देईन."

राखणदारीण ठकूआत्या म्हणाली, "एवढं मोठं आपलं वारूळ! उंदराला द्यायचं ते आपणच वरच्या कोठारात टाकू. पाट फुटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही." सगळ्यांना पटलं.

वर्षं गेली, पाट काही फुटला नाही. मग एका लग्नासाठी वरची थोडी ज्वारी काढली. "पुढच्या सुगीला परत टाकू की," राणी म्हणाली. नंतर नवं दालन खणणाऱ्यांनाही त्यातलीच दिली. आत्या रोज बांधाला कान लावून पाण्याचा आवाज ऐकायची आणि विनवायची, "अगं, टाका गं परत!"

"आत्या, तुला मेलं सारखं पाणीच दिसतं!" पोरी हसायच्या.

एका दुपारी पाट फुटला. खालची कोठारं बुडाली. पिल्लं उचलून सगळ्या वर धावल्या. वरच्या कोठारात नुसती फोलपटं होती.

"चोरी झाली!" राणी किंचाळली. "कुणी नेली ज्वारी?"

"उंदराला दिली असती, तर आज त्याच्या दारात जाऊन भांडलो असतो," आत्या म्हणाली. "आता कुणाच्या दारात जायचं?"

खालून पाण्याचा आवाज येत होता. सगळ्या एकमेकींच्या पोटांकडे बघत राहिल्या.