पिशवी आणि शंख

माणसाचं पाऊल अजून कुठल्याच बेटावर पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. ओहोटीच्या वेळी एक समुद्री गोगलगाय खडकावरचं शेवाळ खात होती. तिथे छोट्या जातीची, सशाएवढी एक कांगारीण आली.

"तुझ्या शंखात तू एकटीच मावतेस," ती नाक मुरडून म्हणाली. "माझ्या पिशवीत माझं लेकरू राहतं. आईची माया तुला काय कळणार?"

"खरंय बाई," गोगलगाय म्हणाली.

तेवढ्यात रानकुत्रा आला. गोगलगाय शंखात शिरली आणि तिने शंखाचं दार लावून घेतलं. कांगारीण पळाली, पण कुत्रा अगदी जवळ येताच तिने पिशवी सैल सोडली. लेकरू खाली पडलं, कुत्रा तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी कांगारीण पुन्हा खडकावर आली. रिकामी पिशवी चाटत म्हणाली, "अजून एकटीच का गं?"

"हो," गोगलगाय म्हणाली. "पण काल दार लावताना मी कुणाला बाहेर ठेवलं नाही."