पाठीची माती

“पण वस्ताद, तुमच्या एका सहीनं भिंत वाचतीय. मग हरकत कसली?”

दौलू वस्ताद तालमीतल्या हौद्याच्या कट्ट्यावर बसले होते. कुबडी मांडीवर आडवी. समोर कुस्तीची लाल माती. ताक, हळद आणि तेल मुरलेला तिचा वास अजून तसाच होता. तालमीत पोरं मात्र उरली नव्हती.

भिंतीत खुंट्यांची रांग होती. पूर्वी प्रत्येक खुंटीवर एकेक लंगोट वाळत असे. आता एका खुंटीवर वस्तादांची छत्री होती.

विचारणारा आनंदराव. चाळीस वर्षांपूर्वी तो याच मातीत लोळला होता. आता त्याच्या दोन वीटभट्ट्या होत्या. अंगात पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट. हातात वकिलानं टाईप करून दिलेलं प्रतिज्ञापत्र.

“कुठली भिंत?” वस्तादांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं.

“बोळातली.”

आनंदरावाच्या आणि बाबालाल मुजावरच्या घरांमधून एक बोळ पेठेत निघतो. चार वर्षांपूर्वी काही तरी बोलाचाली झाली आणि आनंदरावानं स्वतःच्या भट्टीतल्या विटांनी तो बंद केला. तेव्हापासून बाबालाल मागच्या ओढ्यातून फिरून पेठेत येतो.

बाबालाल कोर्टात गेला. निकाल लागला : भिंत काढा, वाट मोकळी करा.

आनंदरावानं भिंत काढली नाही आणि वरच्या कोर्टात अपीलही केलं नाही. बाबालाल बरेच दिवस थांबला. शेवटी त्यानं निकालाची अंमलबजावणी मागितली. आता गुरुवारी सकाळी अकराला कोर्टाचा बेलिफ येणार होता. पोलीस आणि कुदळी घेऊन.

“अपील कधी करायचं असतं?”

“तीस दिवसांत.”

“आणि आज किती झाले?”

“त्यावर सहाशे ऐंशी.”

“इतके दिवस काय केलंस?”

“वाटलं, बाबालाल कुठं कुदळी घेऊन येतोय...”

वस्ताद हसले. “आणि आता?”

“आता अपील टाकायचं. पण नुसतं अपील टाकून बेलिफ थांबत न्हाई. आधी उशीर माफ करून घ्यायचा, मग स्थगिती मागायची. आणि माफीला कारण लागतं. वकील म्हणाले, दिवसादिवसाचा खुलासा लागतो.”

“कारण कागदात हाय?”

“हाय.”

“वाच.”

आनंदरावानं घसा साफ केला.

“‘अर्जदाराचे गुरुवर्य पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडल्याने ते सदर संपूर्ण काळ अंथरुणास खिळून होते. अर्जदार हे रात्रंदिवस त्यांची सेवा करीत होते. सबब अपील मुदतीत दाखल करता आले नाही.’”

“झकास लिहिलंय. पण मी पडलो त्याच सालच्या चंपाषष्ठीला उठलो की रं. कागदावर अजून पडूनच हाय व्हय?”

“कोर्टात थोडं ताणावं लागतं, वस्ताद. तुम्ही पडलात, हे तर खरं?”

“व्हय. पडलो, हे खरं.”

“मला चार महिने एकाच कुशीवर झोपायला लागायचं,” वस्ताद म्हणाले. “कुठल्या?”

आनंदरावानं त्यांच्या कुबडीकडे पाहिलं. मग त्यांच्या पायाकडे.

“उजव्या...?”

“पेज कशी प्यायचो? मीठ घालून का गूळ घालून?”

“वस्ताद, कोर्ट असलं विचारत न्हाई.”

“कोर्ट कशाला विचारंल? मी विचारतोय.”

...

“बाबालालला ठाऊक हाय,” वस्ताद म्हणाले. “रोज साडेसहाला पेज घेऊन यायचा. पाय गुडघ्यापर्यंत ओले. मी म्हटलं, पावसात भिजलास व्हय? म्हणाला, न्हाई वस्ताद, ओढ्यातनं आलो. पुढं काही बोलला न्हाई.”

आनंदरावानं कागदाची घडी घातली. पुन्हा उलगडली. पुन्हा घातली.

“मी आलो न्हाई, हे चुकलंच. पण वस्ताद... भरपेठेत बेलिफानं माझी भिंत पाडायची? कुदळ वाजली की सगळी गल्ली गच्चीवर येणार. माझ्या भट्टीचं नाव हाय त्या विटांवर. उद्या पेठेत मान वर करून कसं चालू?”

त्याचा आवाज शेवटी बारीक झाला. चौदा वर्षांच्या पोरासारखा.

वस्तादांनी कुबडीनं मातीकडे खूण केली. “घट्ट झालीय बघ. जरा उकर.”

“आत्ता?”

“खोरं तिथंच हाय. जागा बदललेली न्हाई.”

आनंदरावानं कागद खिशात ठेवला, बूट काढले, बाह्या दुमडल्या. हौद्यात उतरताना त्याचा हात आपसूक खाली गेला आणि चिमूटभर माती कपाळाला लागली. वस्तादांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

खोरं मातीत घुसलं. खालची ओलसर माती वर आली आणि तिच्याबरोबर तो जुना वास. पहाटेच्या जोर-बैठका, दंडाला चोळलेलं तेल, भिजवलेल्या बदामांसाठी लागलेली रांग.

“तुझी खुंटी कितवी?”

“तिसरी.” त्यानं मागं वळून पाहिलंही नाही.

“आणि चौथी?”

खोरं थांबलं. “बाबालालची.”

“त्यानं तुला पाडलं, तेव्हा तू चौदाचा.”

“खांदा टेकला नव्हता, वस्ताद!”

“नव्हता?”

“न्हाई. तेव्हाही सांगितलं होतं. आजही तेच सांगतो.”

या तालमीचा एक नियम होता. हरणाऱ्यानं आपली पाठ आपण झाडायची नाही. ज्यानं पाडलं, त्यानंच ती हातानं झाडायची. मग दोघांनी एकाच तांब्यातून पाणी प्यायचं. तेवढं झालं की कुस्ती संपली. घरी न्यायची नाही.

त्या दिवशी आनंदराव पाठ न झाडून घेताच तालमीतून पळाला होता.

“तू पळालास. तुझ्यामागं बाबालाल पळाला,” वस्ताद म्हणाले. “बोळात गाठलं त्यानं तुला. तू तोंड फिरवून उभा. रडत होतास. आणि तो मागनं पाठ झाडत होता. किती हळू झाडत होता...”

आनंदराव खोऱ्यावर हात ठेवून उभा राहिला. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मी तिथंच होतो. तांब्या घेऊन मागं आलो होतो.”

...

“ते जुनं झालं, वस्ताद.” आनंदराव कट्ट्याजवळ आला. खिशातला कागद काढून त्यानं पुढं धरला. “आज तेवढी सही...”

कुबडीची मूठ त्याच्या घोट्यामागं अडकली. एक हलका झटका, बस.

दोन वीटभट्ट्यांचा मालक मऊ उकरलेल्या मातीत उताणा पडला. कागद बाजूला उडाला.

“हे काय वस्ताद! मी तयार नव्हतो!”

“व्हय. तेव्हाही अशीच सबब होती.”

आनंदराव उठला नाही. वर कौलांमध्ये एक काच बसवलेली होती. तिच्यातून उन्हाचा चौकोन खाली त्याच्या छातीवर पडला होता. लहानपणी तो चौकोन कुणाच्या अंगावर येतो, यावर ती पोरं पैज लावत असत.

वस्ताद कट्ट्यावरून वाकले. कुस्तीचा निकाल देणाऱ्या पंचासारखे.

“खांदा टेकला?”

एक चिमणी आत आली, खुंटीवर बसली, निघून गेली.

“टेकला.”

“दोन्ही?”

आनंदरावानं डोळे मिटले. “दोन्ही, वस्ताद. तेव्हाही... दोन्ही टेकले होते.”

वस्तादांनी कुबडी पुढं केली. ती धरून आनंदराव उठला. पडलेला कागद त्यानं उचलला. त्यावर लाल माती पसरली होती, नेमकी सहीच्या जागेवर. त्यानं ती झटकली नाही. कागद पुन्हा वस्तादांपुढं धरलाही नाही.

शर्टाची पाठ लालभडक झाली होती. नकळत त्याचा हात मागं गेला.

कुबडी मध्ये आली.

“हात लावू नकोस. ती बाबालाल झाडंल.”

“असाच पेठेतनं जाऊ? लोक काय म्हणतील?”

वस्तादांनी कट्ट्याखाली हात घालून तांब्या बाहेर काढला. ठोके पडलेला, काठावर काळा झालेला. बाहीनं तो पुसला आणि आनंदरावाच्या हातात दिला.

“बेलिफ किती वाजता येणार म्हणालास?”

“गुरुवारी... अकराला.”

“बाबालाल सहाला उठतो.”