केरबाची नेमबाजी आणि शेवंतेचा हार

मागे एकदा सोळा सोमवार धरले, तेव्हा महादेवापुढे मी बोलले होते की उद्यापनाला जमलेल्यांना एक पोटभर हसायची गोष्ट सांगेन. ती ही गोष्ट. पानं वाढून होईपर्यंत ऐका.

कोल्हापूरकडच्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा मुलगा होता. भोळा म्हणजे किती? सांगाल ते सगळं करायचा आणि सांगाल तेवढंच करायचा. त्याचे मामा यशवंतराव फौजेतून हवालदार होऊन परतले होते. गावाबाहेरच्या माळावर त्यांनी नेमबाजीचा वर्ग काढला होता. नवशिक्या पोरापोरींना ते छर्ऱ्याचं पिस्तूल धरायला शिकवत. मामांची मुलगी शेवंता. केरबाचा तिच्यावर जीव, तिचा त्याच्यावर. पण मामांचा जीव काही केरबावर बसेना.

मामा म्हणाले, "केरबा, महिनाभर माझ्याकडं राहा. पिस्तूल नीट हाताळायला शीक. शिकलास तर शेवंता तुझी. न्हाई तर निपाणीचं स्थळ दारात उभं हाय."

"व्हय मामा."

पहिल्या दिवशी मामांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. "पिस्तूल रिकामं दिसलं तरी भरलेलंच समजायचं. कुणी कायबी सांगू दे. कळलं?"

"व्हय मामा." केरबानं ते मनात घट्ट बसवलं.

संध्याकाळी मामीनं त्याच्या हातात घागर दिली. "केरबा, नळावरून भरून आण बाबा." केरबा नळापर्यंत गेला, घागर खांद्यावर घेतली आणि तसाच परत आला. मामीनं घागर तांब्यात ओतली. थेंबही पडला नाही.

"अरे, पाणी कुठं हाय?"

"भरलेलीच समजायची मामी. कुणी कायबी सांगू दे."

तोवर नळाचं पाणी गेलं होतं. मामांनी कपाळाला हात लावला. "लेका, ते पिस्तुलाचं! भरलंय का न्हाई ते आत डोकावून बघायचं असतं!"

"व्हय मामा." तेही मनात घट्ट बसवलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी त्याच्या हातात पिस्तूल दिलं. छर्रा घातलेला नव्हता, देवाची कृपा. मामांनी विचारलं, "काय केरबा, भरलंय का?" केरबानं नळी सरळ डोळ्याला लावली.

मामा असे धावले की एक चप्पल मागेच राहिली. त्यांनी पिस्तूल हिसकावून घेतलं.

"काय करतोस रं!"

"डोकावतोय मामा. आत नुसता अंधार हाय."

शेवंता तोंडात ओढणी कोंबून हसत होती. मामा मात्र घाम पुसत खाली बसले. दम खाऊन म्हणाले, "नळी हातात आली की तिचं टोक समोरच्या बांधाकडं. आभाळ कोसळू दे, टोक दुसरीकडं वळवायचं न्हाई!"

"व्हय मामा."

त्याच दुपारी मामांची कडब्याची गंजी पेटली. मामांनी मोटर चालू केली आणि पाण्याची नळी केरबाच्या हातात दिली. केरबानं गंजीकडे पाठ केली, शेताच्या बांधाकडे तोंड केलं आणि पाणी मारू लागला. बांध चिंब झाला. गंजी शेजाऱ्यांनी बादल्या ओतून विझवली, तीही अर्धीच वाचली.

"अरं, गंजी इकडं जळतीया!"

"दिसतंय मामा. पण टोक वळवायचं न्हाई."

मामा ओरडले, "पेटलेलं दिसलं की पाणी मारायचं, बाबा! विचारत बसायचं न्हाई!"

"व्हय मामा."

पौर्णिमेला मामांच्या घरी सत्यनारायण होता. निपाणीचे पाहुणेही आले होते, शेवंतेला बघायला. कथा झाली. भटजींनी आरतीला पंचारती पेटवली. केरबानं विचारलं नाही. अख्खी बादली मारली.

पंचारती विझली. भटजी चिंब झाले. प्रसादाचा शिरा ताटात पोहू लागला. निपाणीचे पाहुणे ओल्या धोतरांनी एसटी स्टँडकडे गेले, ते गेलेच. शेवंतेनं हळूच देवाला हात जोडले.

मामांचा आवाज बसला होता. ते कसेबसे म्हणाले, "आजपास्नं मी 'फायर' म्हटल्याबिगर हात हलवायचा न्हाई. दुसऱ्या कुणाचंबी ऐकायचं न्हाई."

"व्हय मामा."

रविवारी परीक्षा. एकानं हुकमाआधीच पिस्तूल उचललं. मामांनी त्याला घरी पाठवलं. दुसरा पिस्तुलासकट, बघायला आलेल्या आईकडे वळून हसला. तोही घरी. केरबा मात्र खांबासारखा उभा. नाकावर माशी बसली, तरी हलला नाही.

"फायर!"

केरबानं सांगितल्याप्रमाणे हात उचलला, सांगितल्याप्रमाणे श्वास धरला, सांगितल्याप्रमाणे चाप हळू दाबला. छर्रा कागदाच्या काळ्या गोलात. मग सांगितल्याप्रमाणे हात वर करून ओरडला, "लागला मामा! कागद बदला!" नवा कागद आला. तोही लागला. पुन्हा नवा आला. तोही.

मामांचे डोळे भरून आले. "सांगितलं तेवढंच करणारा गडी या माळावर हाच एक. शेवंता तुझी, जा!"

लग्न ठरलं. मांडव उभा राहिला. अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली, शेवंतेनं केरबाच्या गळ्यात हार घातला. आता केरबाची पाळी. केरबा हातात हार धरून खांबासारखा उभा.

भटजी म्हणाले, "घाला हार." केरबा हलेना. मामी म्हणाली, "घाल की रं!" केरबा हलेना. मुहूर्त सरत आला. अक्षता संपल्या, तेव्हा लोक खाली पडलेल्या वेचून पुन्हा टाकू लागले. आणि मामा? लेक सासरी जाणार म्हणून उपरण्यात तोंड घालून हुंदके देत होते.

शेवंतेला सगळं कळलं. ती दबक्या आवाजात म्हणाली, "आबा, मागनं रडा! आधी हुकूम द्या!"

मामांनी नाक पुसलं, छाती भरून घेतली आणि भर मांडवात ओरडले, "फायर!"

केरबानं श्वास धरला. हार उचलला. बरोबर शेवंतेच्या गळ्यात पडला. टाळ्या झाल्या. आणि केरबा हात वर करून सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला,

"लागला मामा! नवरी बदला!"

शेवंतेनं डोळे मोठे केले. मग तिला असं हसू फुटलं की मुंडावळ्या हलायला लागल्या. तिनं केरबाचा हार घट्ट धरला. "बदलायला दुसरी न्हाई, धनी. हीच ठेवा."

आयाबायांनो, शेवंता रुसली नाही, हसली. तुमच्याही घरात एखादा केरबा असेलच. त्याच्यावर रुसू नका, तुम्हीही तशाच हसा. एवढं माझं ऐका.