लिंबाचं रोप आणि कालचं पाणी

घरातली भांडी एकमेकांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. नळाला पाणी यायची वेळ झाली की वत्सलाकाकू तांब्याच्या हंड्यातलं कालचं पाणी शिळं म्हणून मोरीत ओतायच्या आणि मग हंडा पुन्हा भरायच्या. परसातलं लिंबाचं रोप मात्र वाळत चाललं होतं. "रविवारी उपटूनच टाकते," असं काकू म्हणाल्या, ते मोरीजवळच्या पोचे आलेल्या बादलीने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बादली सरकत सरकत मोरीच्या तोंडाशी जाऊन बसली.

हंडा हसला. "शिळं पाणी झेलणार? तुला काही मान आहे की नाही?"

"काल तुझ्या पोटात होतं, तेव्हा सगळं घर तेच प्यायलं ना रे?" बादली म्हणाली.

काकूंनी बादली बाजूला सारली आणि पाणी ओतून दिलं. पुढच्या सकाळी बादली पुन्हा तिथेच होती. काकूंनी पुन्हा सारली. शनिवारी मात्र त्या घाईत होत्या, त्यामुळे पाणी बादलीतच पडलं.

"अगं बाई, हे तर चांगलं नितळ आहे," असं म्हणत त्यांनी ते रोपाच्या मुळाशी ओतलं.

रविवारी काकू रोप उपटायला वाकल्या, तर माना टाकलेली पानं सावरलेली दिसली. "राहू दे बाई," त्या म्हणाल्या. मग रोज सकाळी त्या स्वतःच बादली मोरीत ठेवू लागल्या.

रोपाला फुटवा आला, तेव्हा हंडा हळूच म्हणाला, "बादलीताई, त्याला एवढं सांगशील? म्हणावं, पाणी हंड्याकडून आलंय."