तितरिणीचं मागणं

एका जंगलात, जिथे सागाची झाडं पुष्कळ आणि सल्ला देणारे त्याहून पुष्कळ, तिथे एक तितरीण राहत असे. तितर पाहिलाय का कधी? कोंबडी धुऊन आटवली आणि तिच्या अंगावर मातीचे ठिपके उडवले की झाला तितर. उडतो कमी, पळतो जास्त. घरटं झाडावर बांधायची त्याला हौस नाही. गवतात पायाने जरा खरडायचं, चार काड्या टाकायच्या, झाला संसार. हसू नका! तुमची दप्तरं मी आतून पाहिलेली आहेत.

तर या तितरिणीने सात अंडी घातली होती. दहा दिवस ती त्यांच्यावर बसून होती. अजून आठ दिवसांनी पिल्लं बाहेर येणार होती. तेवढ्यात काय झालं, डोंगरावरचा झरा आटला. तिथे गव्यांचा कळप पाणी प्यायचा. गवा म्हणजे आपल्या बैलाचा असा भाऊ, की त्याला पाहून बैलानेही रस्ता सोडावा. असे चाळीस. त्यांची म्होरकी एक म्हातारी होती, तिचं डावं शिंग मोडलेलं. तिने हुकूम काढला, "परवा सकाळपासून सगळे खालच्या डोहावर जातील. गवतातल्या वाटेने."

आणि गवतातली वाट बरोबर तितरिणीच्या घरट्यावरून जात होती! वर्षभर त्या वाटेने कोणी फिरकलं नव्हतं, गवत वाढून वाट बुजली होती. आपण रस्त्यात घर मांडलंय हे त्या बिचारीला कसं कळावं? आता अंडी उचलून न्यावीत म्हटलं, तर चोचीत मावत नाहीत. आणि चाळीस गवे म्हणजे एकशे साठ खूर. अंडी सात.

त्या जंगलात एक रीत होती. म्होरकीकडे काही मागायचं तर तोंडाने मागायचं नाही. पूर्वी सगळे तोंडानेच मागत, पण मग ज्याचा गळा मोठा त्यालाच मिळे. मोर आणि माकडं सुखात होती, सशाला काही मिळत नव्हतं. म्हणून म्होरकीने ठरवलं, ज्याला काही हवं असेल त्याने सागाच्या एका पानावर लिहून आणावं. एकच पान. पुरवणी नाही! लिहिण्याचं काम शिंपी पक्ष्याकडे. हा अंगठ्याएवढा पक्षी चोचीने पानं शिवून स्वतःचं घर करतो. तोच पानावर टाके घालून अक्षरं काढी आणि म्होरकीपुढे वाचून दाखवी. अर्ज पटला तर मागणं मंजूर. नाही पटला तर म्होरकी पान खाऊन टाकी. एवढी झटपट पेपरतपासणी तुमच्या शाळेतसुद्धा होत नसेल.

तितरीण पान ओढत शिंप्याकडे पोचली, तर तिथे पोपट, कावळा आणि कोल्हा आधीच हजर. दुसऱ्याचं लिहायचं असलं की मदतीला माणसं येतातच. आपलं स्वतःचं लिहायचं असलं की प्रत्येकाचं पोट दुखतं.

"आधी माहिती द्यावी," पोपट मान ताठ करून म्हणाला. "लिही रे शिंप्या. तितर हा एक पक्षी आहे. तितराला दोन पाय असतात. दोन डोळे असतात. एक चोच असते."

"पण पोपटराव, म्होरक्या आजींना हे माहीत असेल ना?" तितरीण घाबरत म्हणाली.

"माहीत असलं तर काय झालं? तितर गवतात राहतो. तितर किडे खातो. तितर दाणेही खातो."

पान अर्धं भरलं तसा कावळा पुढे सरकला. "बस कर तुझं बालवाचन. वाद घालायला शिक, वाद! लिही : गवे आंधळे आहेत काय? एवढं मोठं डोकं आहे, त्यात काही आहे की नुसतीच शिंगं? विचार त्यांना, जंगल काय यांच्या बापाचं आहे?"

"अहो, रागावतील ते."

"रागावू देत! रागावला म्हणजे हरला," कावळा म्हणाला. कावळ्याला अंड्यांची फार काळजी होती. कशासाठी होती, ते तुमचं तुम्ही ओळखा.

कोल्हा आतापर्यंत शेपटी चाटत बसला होता. तो मधाळ आवाजात म्हणाला, "ताई, जग चालतं ते रडण्यावर. कडेला जागा आहे ना थोडी? तिथे लिही, हे चंद्रमुखी म्होरके, तुझ्या चरणी माझे अश्रू. अंडी किती म्हणालीस?"

"सात."

"सत्तर लिही. साताला कोण रडतं?"

शिंप्याने सगळं निमूटपणे टाचलं. टाके देठापर्यंत आले तेव्हा त्याने विचारलं, "आणखी काही राहिलं का?"

"आता जागाच नाही," पोपट समाधानाने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळप हिरड्याच्या झाडांखाली बसला होता. शिंपी फांदीवर बसून वाचू लागला. तितराला दोन पाय असतात, इथे वासरं झोपली. गव्यांच्या डोक्यात काही आहे काय, इथे चार तरणे गवे उठून उभे राहिले आणि त्यांनी मातीत खूर घासले. शिंपी एक फांदी वर सरकला. हे चंद्रमुखी, असं वाचल्यावर म्होरकीने विचारलं, "चंद्राचं शिंग मोडलेलं असतं का रे?" आणि सत्तर अंडी म्हटल्यावर तर सगळा कळप हसत सुटला. "सत्तर? अगं, मग तू बसतेस कशी, आळीपाळीने?"

हसणं थांबल्यावर म्होरकी म्हणाली, "बरं. तितराला दोन पाय असतात, आम्ही आंधळे आहोत आणि मी चंद्र आहे. हे सगळं कळलं. पण बाई, तुला हवंय काय?"

शिंप्याने पान उलटं केलं, सुलटं केलं. पानावर सगळं होतं. फक्त मागणं नव्हतं. ते लिहायचंच राहून गेलं होतं.

म्होरकीने पान तोंडात घेतलं आणि चावलं. मग तितरिणीकडे पाहून जरा हळू आवाजात म्हणाली, "ऊन उतरायच्या आत दुसरं पान आणलंस, तर ऐकेन. उद्या सकाळी आम्ही निघतो."

तितरीण घरट्याजवळ येऊन बसली. पोपट, कावळा, कोल्हा? त्या तिघांना अचानक फार कामं निघाली होती. एकटा शिंपी मागोमाग आला.

"मला सांग," तो म्हणाला, "तुला काय हवंय? एका दमात सांग."

"आठ दिवस त्यांनी दुसऱ्या वाटेने जावं," तितरीण हुंदके देत म्हणाली, "एवढंच हो, शिंपीदादा."

"मग हेच पहिल्या ओळीत. बरं, यावर म्हातारी काय म्हणेल?"

"म्हणेल, डोहाकडे जाणारी दुसरी वाट त्या कोरड्या ओढ्याकाठची, ती लांब पडते."

"पडते का?"

"मला काय ठाऊक? मी कुठे गेलेय तिथून!"

"मग जाऊन ये. पाहिलं नाही त्याबद्दल लिहायचं काम पोपटाचं."

"आणि अंडी? ऊब कोण देईल?"

शिंपी आपला उडाला आणि त्या सात अंड्यांवर जाऊन बसला. दृश्य असं, की सात रांजणांवर मिळून एकच लिंबू ठेवलंय! एका अंड्याला ऊब मिळाली की दुसरं गार पडे, म्हणून तो एकसारखा या अंड्यावरून त्या अंड्यावर उड्या मारत राहिला. वर मान करून फांदीवर येऊन टपलेल्या कावळ्याकडेही बघत होता. काट्याएवढी चोच, पण उगारली होती तलवारीसारखी.

तितरीण धावत दोन्ही वाटा चालून आली. पाऊल न् पाऊल मोजलं. "गवताच्या वाटेपेक्षा ओढ्याची वाट आठशे पावलं जास्त!" ती धापा टाकत म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला. "आठशे म्हणजे फार झाली हो."

"कोणाची पावलं?"

"माझीच की."

"वाचणार कोण आहे? तुझ्या पावलांनी गव्याला काय कळणार? त्याचं एक पाऊल म्हणजे तुझी किती?"

ओढ्याकाठी गेल्या पावसाळ्यातले गव्यांचे खूर चिखलात उमटून वाळलेले होते. तितरीण पुन्हा पळाली, एका खुरापासून दुसऱ्या खुरापर्यंत चालून पाहिलं. बरोबर आठ पावलं. म्हणजे गव्यांना जास्त पडणार होती ती फक्त शंभर. हा भागाकार शिंप्याने केला. मला विचारू नका, भागाकार आला तेव्हा मी शाळेच्या मागच्या चिंचेवर होतो.

"वाटेत सावलीही आहे, अगदी डोहापर्यंत," तितरीण सांगू लागली आणि मध्येच थांबली. तिने नखाने माती उकरली. "एका ठिकाणी दगड आहेत. धारेचे. मोठ्यांना काही नाही होणार, पण वासरांचे पाय सोलतील. दादा, हे नाही लिहिलं तर?"

"तुझं मन काय म्हणतं?"

"मन म्हणतं, लिहिलं तर माझी अंडी जातील."

शिंप्याने गार पडलेल्या अंड्यावर उडी मारली. मग म्हणाला, "म्हातारी त्या वाटेने तुझ्या जन्माआधीपासून जात असेल. तू लिहिलं नाहीस म्हणून दगड काही उठून जाणार नाहीत. ती ऐकेल आणि मनात म्हणेल, हिने दगड लपवले, मग अंडी तरी खरी कशावरून? सकाळी तर सत्तर होती."

तितरीण अंड्यांकडे बघत राहिली. मग पुन्हा उठली आणि ओढ्याकडे गेली. परत आली ती पायाला वाळू लागलेली घेऊनच.

ऊन उतरायला आलं होतं. कळप उठायच्या बेतात होता. शिंप्याने पान उघडलं आणि वाचलं :

"आजी, आठ दिवस कळप ओढ्याकाठच्या वाटेने न्यावा, हे माझं मागणं आहे. ही वाट गवतातल्या वाटेपेक्षा शंभर पावलं लांब आहे. गव्यांची पावलं, माझी नव्हेत. वाटेत एका जागी धारेचे दगड आहेत, त्यांनी वासरांच्या पायांना इजा होईल. तिथे डाव्या हाताला वाळू आहे, मी तिच्यावरून चालून पाहिलं, पाय टोचत नाहीत. वासरांना तिकडून न्यावं लागेल, म्हणजे तुम्हाला थांबावं लागेल. सावली डोहापर्यंत आहे. गवतातल्या वाटेवर माझी अंडी आहेत. सत्तर नाहीत, सात आहेत. मला ती हलवता येत नाहीत. तुम्हाला वाट बदलता येते."

एवढंच होतं. अर्धं पान कोरं होतं.

सकाळी खूर घासणाऱ्यांपैकी एक तरणा गवा फुरफुरला, "एका तितरासाठी चाळीस गव्यांनी शंभर पावलं जास्त चालायचं?"

"तू जन्मलास तेव्हा तुला तीन दिवस उभं राहता येत नव्हतं," म्होरकी त्याच्याकडे न बघताच म्हणाली. "सगळा कळप तहानलेला थांबला होता तुझ्यासाठी. तेव्हा पावलं मोजली नव्हती कोणी." तरणा गवा एकदम दुसरीकडेच पाहू लागला.

मग ती तितरिणीकडे वळली. "दगडांचं कशाला लिहिलंस गं? तुझ्या तोट्याचंच होतं."

"तुमचीही पोरं आहेत ना, आजी," तितरीण म्हणाली.

म्होरकीने लांब श्वास सोडला. त्या वाऱ्याने शिंपी फांदीवरून पडता पडता राहिला. "उद्यापासून ओढ्याची वाट," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जिथे दोन वाटा फुटतात तिथे म्होरकी स्वतः आडवी उभी राहिली. कारण मनाने ऐकलं तरी सवयीचे पाय ऐकत नाहीत. एकेका गव्याला तिने मानेने ओढ्याकडे वळवलं. दगडांपाशी वासरं वाळूतून गेली. असं रोज.

आठव्या दिवशी सकाळी सगळा कळप जागच्या जागी थांबला. पुढे ओढ्याच्या वाटेवरच तितरीण उभी होती, आणि तिच्या मागे ठिपक्याठिपक्यांची पिल्लं. तितराची पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच धावतात, रांगणं त्यांना माहीत नाही.

"आजी, काल संध्याकाळी निघाली सगळी," ती म्हणाली. "एक दिवस उरलाय, पण आता मला नको. तुमची वाट मोकळी आहे, हे सांगायला आले."

म्होरकी काही बोलायच्या आत पिल्लं तिच्या पुढ्यातून पलीकडे पळू लागली. सहा गेली. सातवं अगदी तिच्या खुराखाली येऊन थांबलं, कारण तिथे एक मुंगी होती आणि त्याला ती बघायची होती. म्होरकीने उचललेला पाय तसाच अधांतरी धरला. त्याने मुंगी उजवीकडून बघितली, डावीकडून बघितली. मागे चाळीस गवे तहानलेले उभे, पण एकानेही शेपूट हलवली नाही. पिल्लाचं बघून झालं आणि ते टुणटुण आईकडे गेलं, तेव्हा म्हातारीने पाय हळूच खाली ठेवला.

तात्पर्य : मागणं आधी सांगावं, माहिती वाचणाऱ्याच्या पावलांनी मोजून द्यावी, आणि त्याच्या वाटेतले दगड त्याच्याआधी आपणच दाखवावेत; पटतं ते अशा खऱ्या बोलण्याने, आरडाओरड्याने किंवा खोट्या आसवांनी नाही.