सहीच्या शेपटाचा थेंब

पहिली खटकलेली गोष्ट अगदीच बारीक होती. हुकमाखाली महाराजांची झोकदार सही, आणि सहीच्या शेपटाला शाईचा एक थेंब. कालच्या हुकमावरही तोच थेंब! परवाच्याही! हातानं केलेली सही दोनदा सारखी येत नाही, मग थेंब दरवेळी तिथेच कसा पडेल?

वैजयंतीनं तिन्ही हुकूम पुन्हा निरखून पाहिले. कॉलेज शिकून आली होती, पण पाल चुकचुकली तरी दचकायची. आज मात्र हुकूम तिच्या बापावरच होता: ‘आचारी दामोदर यांस कामावरून कमी केले आहे. त्यांच्या जागी दिवाणजींचे मेहुणे.’ दामोदर पळी आपटून निघून गेला होता आणि फोन काही उचलत नव्हता.

ती तडक दरबारात जाऊन उभी राहिली. “महाराज, हा हुकूम आपला नाही!”

“सही कुणाची आहे?” महाराज गरजले.

“आपलीच, पण...”

“सही माझी, म्हणजे हुकूम माझा! आणि माझा हुकूम मागे फिरत नाही!”

दिवाण गुणाजीपंत मिशीत हसले. महाराजांना सह्यांचा भारी कंटाळा! म्हणून एका सहीचा फोटो दिवाणजींच्या कॉम्प्युटरवर ठेवलेला. लागेल तिथे चिकटवायचा. महाराज हुकूम वाचायचेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी वाड्याच्या दारावर नवा हुकूम झळकला: ‘उद्यापासून महाराज रोज पहाटे दिवाणजींच्या म्हशीची धार काढतील. दिवाणजींनी शेपटी धरावी.’ खाली सही, थेंबासकट!

“कुणी लिहिलं हे?” महाराज लालबुंद झाले.

वैजयंती पुढे आली. “सही कुणाची आहे, महाराज?”

“माझीच, पण...”

“मग हुकूम आपलाच! आणि आपला हुकूम मागे फिरत नाही!”

दरबारी माना खाली घालून खोकू लागले.

“कालच्या कागदावरून फोटो काढला,” ती म्हणाली. “कुणालाही जमेल.”

“असं?” महाराज म्हणाले. “मग संध्याकाळच्या आत असा हुकूम करून दाखव, की सगळ्या गावानं वाचावा, पण कुणी एक काना जरी बदलला तर कागदानंच बोंब मारावी! पहारेकरी मिळणार नाही. जमलं नाही, तर तूही चालू लाग बापामागे!”

“त्यात काय!” दिवाणजी म्हणाले. “फाइलला पासवर्ड घालू.”

“मग गाव वाचणार कसं?” महाराजांनी विचारलं.

“पासवर्ड खाली लिहून ठेवू ना!”

वैजयंतीला हसू फुटलं, आणि आपल्याच हसण्यानं ती दचकली. “दिवाणजी, पासवर्ड म्हणजे कोठीचं कुलूप. आत कोण येईल एवढंच त्याच्या हाती. महाराज, बाबा लोणच्याच्या बरणीला फडकं बांधतात ना? बरणी सगळ्यांना दिसते. पण कुणी ते सोडून एक फोड जरी उचलली, तरी बाबांच्या हातची गाठ पुन्हा तशी बसत नाही. डिजिटल सही म्हणजे ती गाठ. आपला फोटो म्हणजे गाठीचं नुसतं चित्र!”

महाराजांच्या नावाची डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी कांडी शहरातून कधीच आली होती. पिन टाकायच्या आळसापायी खोकंसुद्धा फोडलं नव्हतं! वैजयंतीनं ती कॉम्प्युटरला लावली आणि नवा हुकूम लिहिला. “पिन आपणच टाका. दिवाणजींनाही सांगायचा नाही!”

महाराजांनी उपरण्याआडून पिन टाकला. ‘आचारी दामोदर कामावर कायम.’ शेजारी हिरवी खूण उमटली.

“आता बदला, दिवाणजी!”

गुणाजीपंतांनी क्षणात दामोदरचं नाव काढून मेहुण्याचं घातलं. फाइल पुन्हा उघडली, तर लाल फुली! ‘सही केल्यानंतर या कागदात बदल झाला आहे.’

“वा! बोंब मारली की!” महाराज टाळी वाजवत म्हणाले. मग हळूच, “पण पंत, मेहुण्याचं नाव घालायला हात फार सराईत दिसतो हो तुमचा!”

दिवाणजींच्या मिशा उतरल्या.

महाराज पोट धरून हसले. “उद्या पहाटे धार तुम्ही काढा, शेपटी मी धरतो! आणि पोरी, हे घे सोन्याचं सलकडं. आणखी काय हवं?”

“बाबा माझा फोन उचलत नाहीत, महाराज. आपण बोलाल?”

तिनं नंबर लावला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, आणि एकदाची थांबली.

“दामोदर!” महाराज फोनमध्ये ओरडले. “मी महाराज बोलतोय! परत ये!”

पलीकडून खणखणीत आवाज आला, “कशावरून?”